साठच्या पुढचं चिन्ह

चादरीची दोन टोकं माझ्या हातात होती आणि दोन वन्संच्या. पहिली घडी पडली होती. दुसरीसाठी त्या माझ्याकडे चालत यायच्या, तर मध्येच थांबल्या. चादर आमच्या दोघींच्या मध्ये लोंबत राहिली.

"वहिनी, हजार आणि लाख यांच्या मध्ये काय असतं गं?"

मी म्हटलं, दहा हजार असतात, आणखी काय असणार.

"तसं नाही. दहा हजाराला स्वतःचं नाव असतं का? शंभराला आहे, हजाराला आहे, तसं एकच नाव."

माझ्या वडिलांनी लहानपणी पूजेची फुलं निवडता निवडता माझ्याकडून संख्यांची जुनी नावं पाठ करून घेतली होती, थेट परार्धापर्यंत. मी म्हटलं, "आहे की. एकं, दहं, शतं, सहस्र, अयुत, मग लक्ष. अयुत म्हणजे दहा हजार. हल्ली कुणी म्हणत नाही एवढंच."

वन्संच्या हातातली टोकं सुटली. चादर फरशीवर पडली. उकळत्या पाण्यातून न काढलेला रुमाल ज्या वापरत नाहीत, त्या वन्संनी धुतलेली चादर तशीच पायाशी पडू दिली.

"म्हणजे असू शकतं," त्या म्हणाल्या. "मग मंगळवारी मी पाच जणांना जवळजवळ नुसतं पाणी टोचलं."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही. बारा वर्षांपूर्वी सासूबाई गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. पुलापलीकडच्या छोट्या दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स आहेत आणि निवृत्तीला आठ महिने उरलेत. दवाखान्यात त्यांना पाठीमागे शून्यबाई म्हणतात. त्यांना ते माहीत आहे, आणि मला वाटतं थोडं आवडतंही.

नाव कसं पडलं ते सांगते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांच्याकडे पेनिसिलीनच्या बाटल्या आल्या. आधीच्या बाटल्यांवर बारा लाख युनिट असं असायचं, या नव्यांवर एक पूर्णांक दोन दशांश मिलियन. वन्संनी दोन्ही हातांची बोटं वापरून हिशेब केला, तरी जमेना. तिथले म्हातारे कंपाउंडर म्हणाले, पोरी, नाव वाचूच नकोस. आपल्यात हजारानंतर दर दोन शून्यांनी नवं नाव मिळतं, इंग्रजीत दर तीन शून्यांनी. नावं प्रत्येकाच्या जिन्यात वेगवेगळ्या पायरीवर बसतात. शून्यं मात्र कुठल्याही देशात मोज, तेवढीच भरतात. तेव्हापासून वन्सं नवी पेटी आली की लेबलावरचा आकडा आधी पूर्ण लिहून काढतात, नखाने एकेक शून्य मोजतात, मग लाखात चिठ्ठी लिहून पेटीवर चिकटवतात. पेटीवर त्यांची चिठ्ठी नसेल तर डॉक्टरसुद्धा तिला हात लावत नाहीत.

आमच्या घरी यावरून चेष्टा चालायची. हे वर्तमानपत्रात परदेशी बातम्यांचा अनुवाद करतात. एकदा जेवताना ते सांगत होते, की इंग्रजीतलं बिलियन म्हणजे आपलं अब्ज, पण दुसऱ्या काही भाषांत तोच शब्द हजार पटीने मोठा असतो, आणि त्या घोळात त्यांनी एक तारा हजार पटीने लांब नेऊन ठेवला होता. छापूनही आला. एकाही वाचकाचं पत्र आलं नाही.

"तुझा तारा कुठेही जाऊ दे," वन्सं म्हणाल्या होत्या. "त्याला कुणाला सुई टोचायची नसते."

आता मंगळवारचं. हृदयाच्या झडपेचा एक आजार असतो. लहानपणी घसा धरून ताप येतो, सांधे सुजतात, आणि तो ताप जाताना झडप खराब करून जातो. अशा माणसांना दर तीन आठवड्यांनी बारा लाखांचं इंजेक्शन घ्यावं लागतं, नाहीतर ताप परत येतो आणि झडप आणखी खराब होते. वन्संच्या दवाखान्यात असे पाच जण आहेत. गेल्या महिन्यात औषधच आलं नव्हतं, पाची जणांची पाळी चुकली होती. त्यामुळे सोमवारी गोदामातून दहा बाटल्यांची पेटी आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, चला, देव पावला.

पेटी नव्याच देशातली होती. औषधाचं नाव आणि मुदत यांची भाषांतरित पट्टी वर लावलेली होती, पण ताकद कुणी लिहिली नव्हती. बाटलीवर साठ हा आकडा आणि त्यापुढे एक चिन्ह, छपराखाली गुडघा मुडपून बसलेल्या माणसासारखं. वन्संनी भिंग घेतलं, बाटली फिरवून फिरवून पाहिली. मोजायला शून्यंच नव्हती. साठमधलं एक, बाकी सगळी त्या चिन्हाच्या पोटात.

त्यांनी गोदामातल्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, मी विचारलंय त्या लोकांना, त्यांच्यात हजारानंतर जे पुढचं नाव येतं ना, तेच हे चिन्ह. आणि मग त्याने वन्संना उलट विचारलं, आपल्यात हजारानंतर पुढचं नाव कुठलं? वन्सं म्हणाल्या, लाख. झालं तर मग, तो म्हणाला. साठ लाखांची बाटली आहे, पाच जणांत एक पुरेल, तुमची चंगळ आहे.

वन्संनी चिठ्ठी लिहिली: साठ लाख. डॉक्टरांनी खाली सही केली. मंगळवारी वन्संनी एका बाटलीत पाणी घालून पाच भाग केले आणि पाच जणांना दिले.

"भुकटी कमी वाटली होती मला," त्या चादरीशेजारी खाली बसून सांगत होत्या. "मी मनाला समजावलं, जास्त तेज असेल. आणि दुखलं नाही गं कुणाला. हे इंजेक्शन म्हणजे मोठमोठे बाप्ये टेबल धरतात. मंगळवारी एकजणही कळवळला नाही. ती कारखान्यातली काजवाली म्हणाली, ताई, आज तुमचा हात किती हलका. मी घरी येईपर्यंत खूश होते."

मी विचारलं, मग आज काय झालं.

आज दुपारी त्याच देशातून कापूस लावलेल्या काड्यांचं खोकं आलं होतं. वर एक हा आकडा आणि पुढे तेच मुडपलेल्या गुडघ्याचं चिन्ह. शिपाई ते खोकं काखेत मारून घेऊन आला. वन्संना वाटलं, लाखभर काड्या काखेत कशा मावतील? खोकं उघडून त्यांनी पाकिटं मोजली. शंभर पाकिटं, पाकिटात शंभर काड्या. दहा हजार. तरी मन मानेना. दहा हजाराला कुणी वेगळं नाव कशाला ठेवेल, खोक्यावर चुकून छापलं असेल, असं घोकत त्या घरी आल्या होत्या. आणि मी अयुत म्हणाले.

साठ लाख नव्हेत, साठ वेळा दहा हजार. एका बाटलीत सहा लाख. प्रत्येकाला बारा लाख जायला हवे होते, गेले एक लाख वीस हजार. दहावा हिस्सा.

मी देवाचं नाव घेतलं. वन्संनी मात्र फोन घेतला. नंबर मी लावून दिला. डॉक्टर दुसऱ्या दवाखान्यात होते. वन्संनी कसलीही प्रस्तावना न करता पाच वाक्यांत सांगितलं.  मग डॉक्टर म्हणाले, सही माझी आहे, हे आधी लक्षात ठेवा. ते गोदामाला लगेच कळवतो म्हणाले, अशी पेटी आणखी कुठे गेली असेल तर तिथेही. आणि पाची जणांना आजच्या आज बोलवा, राहिलेला भाग आजच गेला पाहिजे, मी चारपर्यंत पोचतो.

वन्संनी कागदावर मांडलं. प्रत्येकाला एक पूर्ण बाटली आणि दुसरीचे पाचातले चार भाग. उरलेल्या बाटल्या नऊ. नऊच लागत होत्या, थेंबही सांडायची सोय नव्हती.

चौघांचे फोन लागले. तिघं कुरकुरत, एक घाबरत, पण येतो म्हणाले. काजवालीचा फोन बंद होता.

"नेमकी तीच," वन्सं म्हणाल्या. "मंगळवारी म्हणत होती, गिळताना घसा दुखतो. मी म्हटलं, आता इंजेक्शन घेतलंयस, काळजी नको."

ही काजवाली सव्वीस वर्षांची. शर्टांच्या कारखान्यात दिवसभर बटणांची काजं करते. नऊ वर्षांची असताना तिची झडप पहिल्यांदा बिघडली, सतराव्या वर्षी आणखी. तिसऱ्यांदा ताप आला तर छाती उघडून झडप बदलावी लागेल, असं मोठ्या रुग्णालयाने कागदावर लिहून दिलंय. वन्सं गेली सोळा वर्षं तिला इंजेक्शन देतायत. म्हणजे मोजा किती सुया. आणि जिचा घसा धरला होता, नेमकी तीच दोन दिवस औषधाच्या आधाराशिवाय होती.

आम्ही चपला घातल्या. मी गॅस बंद केलाय का ते दोनदा पाहून आले. रिक्षात वन्सं ताठ बसल्या होत्या, मांडीवर दवाखान्याची किल्ली घट्ट धरून. माझे ओठ हलत होते.

"जप मनात कर, वहिनी," त्या म्हणाल्या, "आणि डोळे रस्त्यावर ठेव. ती चालत जाताना दिसली तर?"

कारखाना एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर. जिन्यात दोऱ्याच्या रिळांची रिकामी पुठ्ठ्याची नळकांडी पडलेली. आत तीस मशीन एकदम चालू, बोलायचं तर ओरडूनच. काजाच्या मशीनवर दुसरीच मुलगी होती. देखरेखीचा माणूस कानावर पेन्सिल लावून आला, म्हणाला, ती एक वाजताच गेली. मनगट दुखतंय म्हणाली, उजवं. मी म्हटलं जा बाई, नाहीतर काजं वाकडी व्हायची.

वन्सं वळून थेट जिन्याकडे निघाल्या. सांधे दुखणं म्हणजे काय, ते मला त्यांच्या तोंडून इतक्या वर्षांत कितीदा ऐकून ठाऊक झालं होतं. घसा, मग ताप, मग सांधे.

"दोन दिवसांत सांध्यापर्यंत येत नाही," त्या जिना उतरताना स्वतःशीच म्हणत होत्या. "दोन-तीन आठवडे लागतात. पण गेल्या महिन्याचं इंजेक्शनच नव्हतं तिला. घसा नक्की कधी धरला? सोमवारी की त्याच्याही आधी? मी विचारलंच नाही. मी त्या हलक्या हाताच्या कौतुकात होते."

तिची खोली कारखान्याच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. दाराला कुलूप. शेजारची म्हातारी दार किलकिलं करून म्हणाली, असेल इथंच कुठे, पाणी तापवायची शेगडी माझ्याकडून घेऊन गेली होती, परतही दिली. आम्ही जिन्यातच थांबलो. वन्सं पायरीवर बसेनात. घड्याळात साडेतीन, मग पावणेचार. खालून पावलं वाजली की त्या कठड्यावरून वाकत. एकदा पाववाला, एकदा दोन शाळकरी मुली. आयुष्यात कधी नाही ते त्यांनी मला विचारलं, देव असल्या वेळी ऐकतो का गं.  मी म्हटलं, मी सांगतेय त्याला.

चारला पाच कमी असताना ती आली. गळ्याला ओढणी गुंडाळलेली, हातात औषधाच्या दुकानाची कागदी पिशवी. आम्हाला बघून हसली.

"अगं बाई, ताई, तुम्ही? माझ्या घरी? कुणी मेलं की काय?"

"हात दाखव," वन्सं म्हणाल्या.

तिथेच जिन्यात त्यांनी तिचं मनगट दोन्ही बाजूंनी दाबून पाहिलं, मग दुसरं, मग गुडघे. कपाळाला हात लावला. अंगात थोडी तापाची कसर होती. मनगट गरम होतं की नव्हतं, ते वन्संना ठरवता येईना. त्यांचा स्वतःचाच हात गार पडला होता.

"काजं करून दुखतंय हो," ती म्हणाली. "या आठवड्यात सतराशे केली. लेप आणलाय."

"असेल तसंही," वन्सं म्हणाल्या. आणि मग त्यांनी तिला सांगितलं. मला वाटलं होतं त्या आधी तिला दवाखान्यात नेतील, तिथे डॉक्टर सांगतील. पण त्या तिच्याच पायरीवर, तिच्या डोळ्यांत बघत बोलल्या. "मंगळवारी तुला औषध पोचलं नाही. दहावा भाग पोचला. चूक माझी. बाटलीवरचा आकडा मी चुकीचा वाचला. राहिलेलं आत्ता द्यायचंय. इथे नाही देता येत, दवाखान्यातच चल."

तिने हातातली पिशवी पायरीवर ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे दुखलं नाही ते..."

"औषधच नव्हतं म्हणून."

"आणि मी सगळ्या कारखान्यात सांगत सुटले, आमच्या ताईंचा हात कसा हलका म्हणून." ती हसायला गेली, ते अर्ध्यात राहिलं. "ताई, माझ्या झडपेला काही झालं असेल का?"

वन्संनी खोटं सांगितलं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही."

रिक्षात ती आमच्या दोघींच्या मध्ये बसली. तिने विचारलं, पण आकडा चुकीचा वाचला म्हणजे कसा, तुम्ही तर शून्यबाई. वन्संनी तिला ते चिन्ह तिच्याच तळहातावर बोटाने काढून दाखवलं. म्हणाल्या, आपल्यात हजारानंतर नवं नाव लाखाला मिळतं, इंग्रजीत दहा लाखांना, या लोकांत दहा हजारालाच. आणि पुढेही त्यांच्यात दर चार शून्यांनी नवं नाव. मी हे गृहीतच धरलं की सगळ्यांचं पुढचं नाव आपल्यासारखं लाखावरच थांबत असेल. काजवालीने तळहात मिटला. म्हणाली, माझ्या मशीनवरही त्यांच्याच देशाच्या खुणा आहेत, मला त्यातली एकही कळत नाही, मी नुसता रंग बघून बटण दाबते.

दवाखान्यात डॉक्टर आले होते. बाकी चौघं बाकावर बसले होते, त्यांतले रिटायर झालेले बस कंडक्टर आवाज चढवून बोलत होते, की आमच्या जिवाशी खेळ चाललाय. वन्संनी ते सगळं उभ्याने ऐकून घेतलं.  त्यांचं संपल्यावर हात धुतले, पेटीवरची आपली चिठ्ठी नखाने खरवडून काढली, नवी लिहिली, या वेळी शब्दांत आणि आकड्यांत: सहा लाख, सहावर पाच शून्यं. डॉक्टरांनी ती वाचली. मग वन्संनी मला बोलावून म्हटलं, तूही वाच. मी मोठ्याने शून्यं मोजली. पाच.

एकेकाला आत घेतलं. कंडक्टरांचा आवाज बाहेरपर्यंत आला आणि मला, देव मला क्षमा करो, बरं वाटलं. काजवाली शेवटची. औषध पांढरं, दाट, सुईत अडकत होतं. एकदा सुई बदलावी लागली तेव्हा वन्संनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. सांडलं काही नाही. तिने टेबलाची कड धरली, दात आवळले, आणि डोळ्यांतून पाणी काढलं.

"दुखतंय?" वन्संनी विचारलं.

"मरणाचं," ती म्हणाली.

अर्धा तास तिला बसवून ठेवलं, अंगावर काही उठतंय का ते बघायला. डॉक्टरांनी छाती ऐकली. एकदा ऐकली, खिडकी लावून घेऊन पुन्हा ऐकली. मग म्हणाले, जुना आवाज आहे तो आहेच, नवा आहे का ते मला इथे कळत नाही. मनगटाचंही तसंच. ते कामाने दुखत असेल किंवा तापाने, रक्त आणि छातीची तपासणी केल्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. त्यांनी मोठ्या रुग्णालयाला चिठ्ठी लिहिली. काजवालीने विचारलं, उद्या कामावर जाऊ का? डॉक्टर नाही म्हणाले. तिने मान हलवली आणि दुखणारं मनगट दुसऱ्या हातात धरून बसली.

ती बसली असतानाच वन्संनी रजिस्टर उघडलं. मंगळवारच्या पानावर, पाच नावांसमोर, लाल शाईने त्यांनी लिहिलं की दिलेली मात्रा एक लाख वीस हजार, हवी होती बारा लाख, वाचनाची चूक, आणि खाली स्वतःची सही. डॉक्टर म्हणाले, माझ्या सहीलाही जागा ठेवा. त्या म्हणाल्या, ठेवलीय.

मी शेजारी उभी होते. मला म्हणाव्याशा वाटणाऱ्या सगळ्या गोष्टी, की चौतीस वर्षांत एकदाच झालं, की वेळेत कळलं, त्या मी गिळल्या. वेळेत कळलं की नाही, ते अजून कुणालाच माहीत नव्हतं.

काजवालीला खोलीवर सोडून आम्ही घरी आलो. ह्यांनी दार उघडलं, आमचे चेहरे पाहून पाण्याचे दोन पेले आणून ठेवले. वन्सं पाणी न पिताच बसचं वेळापत्रक काढून बसल्या. उद्या सकाळी साडेसातच्या बसने त्यांना काजवालीला घेऊन मोठ्या रुग्णालयात जायचंय, रक्त द्यायला आणि छातीची तपासणी करायला.